पाचवी खिडकी

नवी पेठेत आमच्या घराला ‘साहेबी वाडा’ म्हणत. टांगेवाल्याला आडनाव सांगावे लागत नसे. ‘साहेबी वाड्याशी सोड’ म्हटले की झाले. वास्तविक त्या घरात साहेब कधी राहिला नाही. साहेबी होते ते घराचे तोंड. आत शिरले की दहा पावलांत विलायत संपे नि सोलापूर सुरू होई.

तोंड मात्र खरेच पाहण्यासारखे होते. मधोमध दार. दारावर पंखा उघडून धरावा तशी अर्धगोल काच. दाराच्या दोन्ही अंगांना दोन-दोन खिडक्या आणि वरच्या मजल्यावर पाच, खालच्यांच्या बरोबर डोक्यावर उभ्या केलेल्या. भिंतीतून चार बोटे पुढे आलेले चुन्याचे चपटे खांब. सगळ्यांच्या वर कपाळपट्टीसारखा एक त्रिकोण, नि त्यात १८३४ हा आकडा. मधून एक रेघ ओढली तर डावे अंग उचलून उजव्यावर ठेवता यावे, इतके ते सारखे होते.

आणि आत? आत ओसरी, चौक, चौकात आड, डोक्यावर कडीपाट, त्याच्यावर पांढऱ्या मातीचे माळवद. भिंतीत देवळ्या, देवळ्यांत दिवे. ज्वारीचे बळद. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती चढवायची, नाहीतर आषाढात अंथरुणावर घमेली मांडून निजायचे. सोलापूरकडच्या कुठल्याही घरात असते ते सगळे आमच्याकडे होते. आजोबा पेढीवर बसत ते धोतरावर कोट घालून, नि घरही त्यांनी तसेच बांधले होते. कोट साहेबाचा, धोतर आपले.

आजोबांची सुताची पेढी होती. १८६० साली सोलापुराला आगगाडी आली, १८७७च्या सुमारास पहिली कापडगिरणी उभी राहिली, मग एकामागून एक गिरण्या निघाल्या. मागावर बसणाऱ्यांना सूत लागे आणि सूत विकणाऱ्यांना पैसा मिळे. पैसा मिळाला की माणसाला घर बांधावेसे वाटते, नि घर बांधले की ते लोकांनी पाहावेसे वाटते. त्याच काळात रेल्वे लाइन्समध्ये अप्पासाहेब वारदांचे ‘इंद्रभुवन’ उभे राहिले. आज तिथे महानगरपालिकेचे कार्यालय आहे, पण मुळात ते एका गृहस्थाचे राहते घर, ही गोष्ट दाखला काढायला गेलेल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. आजोबा संध्याकाळी फिरायला म्हणून निघत आणि इंद्रभुवनाचे काम बघत उभे राहत. तेवढी ऐपत त्यांची नव्हती. मग त्यांनी मुंबईच्या एका पेढीच्या इमारतीचे चित्र मिळवले, मिस्त्रीपुढे ठेवले नि सांगितले, “हे तोंड मला पाहिजे. मागचे मी बघतो.”

त्या आकड्याची एक मौजच आहे. १९९० नंतर कधीतरी वास्तुशास्त्र शिकणारा एक मुलगा घराची मापे घ्यायला आला. समोरच्या फुटपाथवर उभा राहून त्याने त्रिकोणातला आकडा वाचला आणि अक्षरशः धावत आत आला. “तुमचं घर अस्सल जॉर्जियन काळाच्या अगदी काठावरचं आहे!” दादाने त्याला पाणी दिले, बसवले आणि सांगितले की तो शालिवाहन शक आहे, इसवी सन १९१२. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. पण जाण्यापूर्वी त्याने आम्हांला आमचे घर समजावून सांगितले, ते मी विसरले नाही. इंग्लंडात १७१४ पासून १८३० पर्यंत ओळीने चार जॉर्ज राजे झाले, त्यांच्या अमदानीतली ही धाटणी. तिचे मूळ पुन्हा इटलीत, पालाडिओ नावाच्या गवंड्याचा वास्तुविशारद झालेल्या माणसाच्या १५७० सालच्या ग्रंथात. ग्रंथावरून इंग्रजांनी नमुन्यांची पुस्तके काढली, ती पुस्तके जहाजांतून अमेरिकेला गेली, कलकत्त्याला नि मद्रासला आली, आणि ज्याला जसे जमेल तसे त्याने बांधले. नवी पेठेत ही धाटणी पोचली तेव्हा तिच्या माहेरी ती जुनी होऊन ऐंशी वर्षे लोटली होती.

“तोल हा या शैलीचा प्राण,” तो मुलगा म्हणाला. “इकडे खिडकी असेल तर तिकडे हवीच. आत गरज असो नसो.” मग वर बोट करून म्हणाला, “ती उजवीकडची पाचवी खिडकी खोटी आहे ना?”

आमची गल्ली ऐंशी वर्षे ज्या खिडकीला फसली, ती त्या पोराने पाच मिनिटांत ओळखली.

खोटीच होती ती. त्या कोपऱ्यात आजोबांना तिजोरीची खोली हवी होती. तिजोरीच्या खोलीला खिडकी कोण ठेवील? शेजारच्या घराची भिंत एका अंगाला लागून, रस्त्याच्या अंगाला दोन हात जाडीची भिंत. पण बाहेरून चारच खिडक्या दिसल्या असत्या तर सगळा तोलच गेला असता. तेव्हा मिस्त्रीने भिंतीवर चुन्याची चौकट काढली, वर इतरांसारखी कमान काढली, आणि सागवानी झडपांची जोडी कायमची मिटून बसवली. बिजागऱ्यासुद्धा खऱ्या, पितळी. लहानपणी आम्हां पोरांचा तो आवडता खेळ होता. शाळेतल्या नव्या मैत्रिणीला रस्त्यावर उभे करायचे, खिडक्या मोजायला लावायच्या, मग वर नेऊन विचारायचे, पाचवी दाखव. ती भिंती चाचपडत हिंडायची नि आम्ही हसत लोळायचो.

दिवाळीत तर फारच गंमत. पाचही खिडक्यांच्या बाहेरच्या कट्ट्यावर पणत्या लागत. चार खिडक्यांत आतून हात घालून ठेवता येत. पाचवीसाठी पेढीवरचा गडी रस्त्यावरून शिडी लावी. तेल सांडू नये म्हणून एका हाताने शिडी नि दुसऱ्या हाताने पणत्यांचे तबक सांभाळीत तो वर चढे, आणि खाली पाहायला आळीतली पोरे जमत. मग आम्ही सगळे समोर जाऊन उभे राहत असू. पाच खिडक्या, पाच ओळी, एक वात कमी नाही की जास्त नाही.

त्या पाचव्या खिडकीच्या मागे आमची अक्का राहत असे.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची मोठी बहीण. घरात लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणत. वीस वर्षांची असताना, १९३८ साली, ती विधवा होऊन परत आली. पेढीचा पैसा तोवर बँकेत जाऊ लागला होता, तिजोरीची खोली रिकामी होती, ती तिला मिळाली. ‘मिळाली’ हाच शब्द घरात वापरीत. वाईट वागवले असे कोणी म्हणू शकणार नाही. तिला जेवायला उशीर झाला तर माझी आई थांबे, आजारपणात वैद्य येई, वर्षाला दोन लुगडी येत. खोली तेवढी तिजोरीची होती. दारातून चौकातला उजेड येई तेवढा येई. भर दुपारी बारा वाजता तिला सुईत दोरा ओवायचा झाला तर ती बाहेर जिन्याशी येऊन बसे.

वेळ ती कानांनी ओळखी. गिरणीचा पहाटेचा भोंगा झाला की उठायचे, दुसऱ्याला पाणी तापवायचे. रस्त्याचे तिला सगळे ठाऊक असे. कोणत्या दुकानाची फळी कधी पडते, कोणाचा टांगा गेला, कापड फाडल्याचा आवाज कुठून आला. तिच्या उशाशी दोन हातांवर तो रस्ता होता, नि तिने तो तिथून कधी पाहिला नव्हता. संक्रांतीला गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वज पाहायला सारे गाव लोटे, आमच्याकडे खेड्यांवरून पाहुणे येत. जत्रेला नव्याने आलेल्यांना रस्ता पाहायला खिडक्या द्याव्या लागत, तेव्हा अक्का स्वयंपाकघरात शेंगापोळ्या लाटीत असे.

मार्शल लॉची गोष्ट मात्र ती रंगवून सांगे. १२ मे १९३० रोजी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा ती बारा वर्षांची होती. रस्त्यावर सोजिर, गांधी टोपी घालून बाहेर पडण्याची सोय नाही. आजोबांनी रस्त्याच्या अंगाची एकूण एक झडप लावून घेतली आणि घर आतल्या अंगाला सरकले. पुढच्या जानेवारीत मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याला फाशी दिले, त्या दिवशीही झडपा अशाच मिटलेल्या होत्या, नि घरात चूल पेटली नाही. हे सांगून झाले की अक्का एकदा म्हणाली होती, “तेवढे दिवस पाचही खिडक्या सारख्या होत्या बघ.” मी तेव्हा हसले. मला ते कोटी केल्यासारखे वाटले.

१९६३ साली दादाचे लग्न ठरले. वाड्याच्या तोंडाला तेलरंग द्यायचे ठरले. पराती बांधल्या गेल्या, मिस्त्री आला. त्या वेळी अक्काने अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, आयुष्यातली बहुधा एकुलती एक मागणी केली. मिस्त्री आलाच आहे, पराती बांधल्याच आहेत, तर ती खिडकी उघडून द्या. बाहेरून काही बदलणार नाही. रस्त्यावरून जशी दिसते तशीच दिसेल.

अण्णा मिस्त्रीशी बोलले. संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगितले, “मिस्त्री म्हणतो, कमान नुसत्या चुन्याची आहे. भिंत फोडली तर वरचा भार घ्यायला काही नाही. सगळं तोंड खाली येईल.” अक्का वाढीत होती. “बरं,” म्हणाली, आणि पुढच्या पानावर आमटी वाढली. विषय संपला. त्या दिवाळीला तेलरंगातला वाडा काय दिसला म्हणून सांगू!

मी तेव्हा मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते. चौथी खिडकी ही माझी अभ्यासाची जागा. तिथे बसले की उजेड पुस्तकावर येई आणि रस्ताही दिसे. एका दुपारी अक्का कुठलेसे शिवण घेऊन दारात उभी राहिली. “बाळ, तिथं उजेडाला बसू का जरा?” मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, “अक्का, परीक्षा आहे गं माझी.” ती गेली. एवढेच झाले. परीक्षा सहा महिन्यांवर होती.

कायद्याचे मला पुढे कळले. आजोबा १९५२ साली वारले. बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबर वारस ठरवणारा कायदा आला १९५६ साली. चार वर्षे. आजोबा आणखी चार वर्षे जगते, तर त्या वाड्यात अक्काचा स्वतःचा हिस्सा असता, नि मिस्त्रीला तिने स्वतः बोलावले असते. अर्थात हे माझे म्हणणे. तिने बोलावले असते की नसते कोण जाणे. १९८१ साली ती त्याच खोलीत गेली. मी पुण्याहून पोचले तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते आणि खोलीत विजेचा दिवा होता.

त्यानंतरच्या वर्षांत मला माहेरचे घर फारसे लाभले नाही. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्याचे धक्के सोलापूरलाही बसले. लातूर-उस्मानाबादकडे माळवदाखाली किती माणसे गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या वाड्याच्या त्रिकोणाला फक्त एक तिरपी भेग गेली. दादाने ती सिमेंटने बुजवली आणि मागचे माळवद उतरवून स्लॅब टाकली. भीतीच तशी बसली होती, त्याला नावे कशी ठेवावी?

मग काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेला गेले. ती मेरीलँडमध्ये असते. तिथे अनापोलिस म्हणून बंदरावरचे एक जुने गाव आहे, इंग्रजांनी वसवलेले. मुलीने एका रविवारी मला तिथे नेले, आणि मी भर रस्त्यात थबकले. विटांचे लाल घर, मधोमध दार, दारावर पंख्याची काच, खिडक्या एकाखाली एक. नवी पेठच! आमच्या चुन्याच्या ठिकाणी तिथे घोटीव वीट, बस्स. मुलगी म्हणाली, “आई, आजोळच्या घरासारखं दिसतं ना?” मुलीला सुद्धा दिसले.

विल्यम पाका नावाच्या गृहस्थाचे घर आम्ही आतून पाहिले. १७६३ ते ६५च्या दरम्यान बांधलेले. १७७६ सालच्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर या पाकाची सही आहे. पुढे त्या घराला जोडून मोठे हॉटेल झाले, मागची बाग त्याखाली पुरली गेली. १९६५ साली हॉटेल पाडायची वेळ आली तेव्हा तिथल्या लोकांनी घर वाचवले, जमीन खणून बागेचे जुने पाये शोधले, आणि पाकाच्या एका जुन्या तसबिरीत त्याच्या पाठीमागे बागेतले एक पांढरे घुमटीवजा घर रंगवले होते, त्यावरून ते पुन्हा उभे केले. एका तसबिरीच्या कोपऱ्यावरून! आपल्याकडे एवढा सोस कोणाला, असे मनात आले, आणि लगेच असेही मनात आले की आपल्याकडे तसबिरीत असते काय? आजोबांचा एकच फोटो आहे, त्यात पाठीमागे पडदा आहे.

घर दाखवणाऱ्या बाईंना मी मुलीकरवी खोट्या खिडक्यांचे विचारले. त्या खुलल्या. म्हणाल्या, तोलासाठी असे पुष्कळ घरांत करीत. इंग्लंडात तर १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता, त्यामुळे उघड्या खिडक्याही लोकांनी बुजवल्या. मग मी विचारले, अशा खिडकीमागे राहायचे कोण? बाई थोड्या थांबल्या. या घरात गुलाम राबत असत, त्या म्हणाल्या, आणि मग आम्हांला स्वयंपाकघराकडे घेऊन गेल्या. स्वातंत्र्याच्या कागदावर सही करणाऱ्याचे घर! आमच्या अक्काची नि त्यांची बरोबरी करण्याचे पाप मी करणार नाही. अक्का विकत घेतलेली नव्हती. पण परतीच्या वाटेवर मोटारीत मी गप्प होते आणि मुलीने विचारले नाही.

दादा गेला. त्यानंतर भाच्याचा फोन आला. “आत्या, वाड्याचं नक्की झालंय. तुझी सही लागेल.”

आत्या! फोन ठेवल्यावर तो शब्द बराच वेळ कानांत राहिला. २००५ सालच्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हक्क मिळाला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा आत्याच्या सहीवाचून आता नवी पेठेतला वाडा विकता येत नाही. भाचा चांगला आहे. त्याने हिस्सा बुडवायचा विचारही केला नाही, रक्कम आकड्यात सांगितली. खाली दुकान चालत नाही, वर कोणी राहत नाही, तो स्वतः जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये असतो. पाडू नको म्हणायला मला तोंड नव्हते. मी तरी तिथे राहायला कुठे जाणार होते?

मी म्हणाले, सही करते. पण त्याआधी मला वरची पाचवी खिडकी उघडून हवी.

“आत्या, पुढच्या महिन्यात सगळंच पाडणार आहेत.”

“असू दे. माझ्या पैशातून कर.”

पोराने वाद घातला नाही, म्हातारीचा छंद समजून मिस्त्री ठरवला. मी सोलापूरला गेले तो दिवस आश्विनातला होता, बाजारात आकाशकंदील लागू लागले होते. मिस्त्री तरुण होता. त्याने आतून भिंतीचा गिलावा काढला, चार विटा हलवल्या, बॅटरी मारून आत पाहिले आणि मला हाक मारली. “आजी, इकडं या. कुणी म्हणालं कमान चुन्याची हाय? पक्की विटांची कमान हाय की. वरचा सगळा भार तिच्यावरच हाय. खाली नुसती भरणी. कवाबी काढली असती तरी काय झालं नसतं.”

मी पाहिले. विटा उभ्या लावलेली, बाकीच्या चार खिडक्यांसारखीच पक्की कमान होती. १९१२च्या मिस्त्रीने खिडकी खरीच बांधली होती, आणि मग ती बुजवली होती. १९६३च्या मिस्त्रीने न तपासता सांगितले, की अण्णांना जे ऐकायचे होते ते सांगितले, की त्याने काही सांगितलेच नव्हते, ते आता विचारायचे कोणाला?

दुपारी अडीचच्या सुमारास भरणी निघाली. झडपा बाहेरून खिळे ठोकून बसवल्या होत्या, त्या मिस्त्रीने शिडी लावून सोडवल्या. उजेड एकदम आला नाही. आधी धूळ आली, ती खाली बसेपर्यंत बराच वेळ गेला, नि मग समोरच्या भिंतीवर, जिथे अक्काची खुंटी होती, तिथे ऊन पडले. खुंटीखाली भिंतीवर डोके टेकून बसल्याचा तेलकट डाग होता. आजवर तो कोणाला दिसला नसावा.

मी खुर्ची ओढून खिडकीशी बसले. दिसायला विशेष काही नव्हते. विजेच्या तारांचा गुंता, एक मोठा फलक, फटाक्यांची नि कपड्यांची गर्दी, रिक्षा. कापड फाडल्याचा आवाज मात्र कुठूनसा आला. भाचा दोनदा डोकावून गेला. चहा आला तो निवला. पाचच्या सुमारास ऊन भिंतीवरून निघून गेले, तेव्हा मी त्याला कागद आणायला सांगितले आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दाखवलेल्या सगळ्या जागी सह्या केल्या.

निघताना त्या दोन झडपा मी मागून घेतल्या. पुण्याला माझ्या खोलीत त्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. लाकूड एकशेदहा वर्षांचे, बाहेरच्या अंगाला तेलरंगाचे सहा-सात थर. पितळी बिजागऱ्या मी चिंचेने घासल्या. खिट्टीभोवती पितळ जराही झिजलेले नाही.